भाच्याचं मागणं

फुशारकी मारायची तर स्वतःच्या जिवावर मारावी, मामाच्या जिवावर नाही. बेकझातनं नेमकी मामाच्या जिवावर मारली.

अल्माटीच्या कडेला जुन्या बसडेपोमागे एक शेड आहे. दर रविवारी तिथं जमणारी मंडळी म्हणजे एकेक नमुना. सगळे जुन्या ट्रकांचे वेडे. कुठल्या खेड्यात, कुणाच्या खुराड्यामागे एखादी जुनी गाझ, सोव्हिएत काळातला ट्रक, गंजत पडलीय असं कानावर आलं, की यांची सुट्टी, यांचं पेट्रोल आणि यांच्या बायकांची बोलणी, सगळं त्या दिशेनं धावायचं. तिथं पोचायचं, चेसिसवरचा नंबर घासून वाचायचा, फोटो काढायचे आणि नोंद करायची: चालती, उभी, की नुसता सांगाडा. ‘चालती’ लिहायची वेळ क्वचितच यायची. तशी आली की म्हातारा गेन्नादी, ट्रामच्या कारखान्यातून निवृत्त झालेला त्यांचा म्होरक्या, चष्मा काढून डोळे पुसायचा. एवढं त्याचं प्रेम. ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच त्याला कुणी दोष देऊ नये.

बेकझात दातांचा डॉक्टर. सहा दिवस लोकांचे जबडे आणि सातव्या दिवशी ट्रकांची बॉनेटं. त्या रविवारी गेन्नादी म्हणाला, “लाकडी केबिनची गाझ, अस्सल, कुणी न छेडलेली आणि चालती. अशी एक जरी मिळाली ना, तर मी सुखानं मरीन.”

“माझ्या मामाकडे आहे की,” बेकझात म्हणाला.

झालं. शब्द गेला तो गेला. पुढच्याच आठवड्यात दोघं मामाच्या गावाच्या, कारातोगायच्या, रस्त्याला लागले.

ओराझबायमामा अंगणातच होता. पंचाहत्तरी ओलांडलेला, पाय धनुष्यासारखे वाकलेले, हात मात्र पान्यासारखे. कोलखोझच्या, म्हणजे सामुदायिक सरकारी शेतीच्या, काळात पोरसवदा असताना त्याच्या ताब्यात ही गाझ आली. पुढे कोलखोझ मोडलं, माणसं पांगली, गाडी मात्र त्याच्यापाशीच राहिली. दर उन्हाळ्याच्या तोंडाला गावातल्या चार-पाच घरांचे तंबू, भांडीकुंडी, म्हाताऱ्याकोताऱ्या आणि आजारी कोकरं असं सगळं गाडीत भरून तो जैलाऊवर, डोंगरातल्या कुरणावर, नेऊन सोडायचा. स्वतःही मामीला घेऊन बर्फ पडेपर्यंत तिथंच राहायचा. त्या उन्हाळ्यासाठीच माणूस वर्षभर जगायचा म्हणा ना.

“ये रे भाच्या, आज दात दुखत नाहीयेत, तरी ये,” मामा म्हणाला आणि त्यानं बेकझातला छातीशी धरलं. बेकझातची आई कुल्याश ही त्याची एकुलती बहीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भाचा आला की मामाच्या चेहऱ्यावर तीच आल्यासारखं दिसायचं.

गाडी बघून गेन्नादी तिच्याभोवती फिरतच राहिला. केबिनच्या फळ्या जागच्या जागी, हिरवा रंग उडालेला पण मूळचाच, दाराची मूठ हातानं झिजून गुळगुळीत झालेली. मामानं पुढं हँडल खुपसलं, एक झटका दिला, आणि म्हातारी खोकून सुरू झाली.

“ही उभी कधीच राहत नाही का?” गेन्नादीनं विचारलं.

“उभी राहिली की गंजते. माणसासारखीच आहे ती.”

“पण चालवली की झिजते, ओराझबाय. झिजली की संपली.”

“मग तू काय तुझ्या बायकोला कपाटात ठेवलीयस का?” मामा म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसले. हसता हसता गेन्नादीनं हळूच विचारून घेतलं, द्याल का. मामानं नुसती मान हलवली. असे पुष्कळ येऊन गेले होते. सगळ्यांना चहा मिळाला, गाडी नाही.

दुपारी मेंढरू कापलं. पाहुण्याचा मान म्हणून मुंडकं गेन्नादीपुढं आलं, परातीत मटण आणि शेवयांचं बेशबर्माक वाफाळत होतं, शेजारचे दोघं म्हातारेही येऊन बसले होते. गेन्नादी खात होता, पण त्याची नजर खिडकीतून अंगणात. बेकझात त्याच्याकडे बघत होता. शेडमधली सगळी मंडळी त्याला दिसत होती, त्याच्या पाठीवर थाप मारताना. हे मागणं त्याला तिथंच बसल्या बसल्या सुचलं असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण खरं सांगायचं तर घाट चढतानाच ते त्याच्या मनात येऊन बसलं होतं.

“मामा,” तो गेन्नादीला न कळणाऱ्या कझाकमध्ये म्हणाला, जरा हसतच, “मी आजवर झिएनकुरिक मागितलं नाही तुमच्याकडे.”

मामीच्या हातातली पळी थांबली. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं घास परत ताटात ठेवला.

बहिणीच्या मुलानं मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नाही. तीन वेळा मागायचा हक्क आहे भाच्याला. साधारणपणे पोरवयात मागतात. शिंगरू, कुत्र्याचं पिल्लू, फार तर बंदूक. चाळिशीच्या दातवैद्यानं मागावं असं काही ते नव्हे. पण वयाची अट कुणी घातलेली नाही, आणि बेकझातला ते पुरतं माहीत होतं.

“बरोबर,” मामा म्हणाला. “राहिलंय खरं तुझं. माग.”

“गाडी.”

मामानं हात पुसले, नीट, एकेक बोट. मग उठला, बाहेर गेला आणि लोखंडी हँडल घेऊन आत आला. दोन्ही हातांवर आडवं धरून त्यानं ते भाच्याला दिलं. मग ओंजळ पसरून दुवा दिली, वाट मोकळी असो, चाक निसटू नये. आमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मामीनंही फिरवले, पण तिनं ते तोंडावरून लवकर खाली घेतलेच नाहीत.

“काय झालं?” गेन्नादीनं कुजबुजत विचारलं.

“दिली,” बेकझात म्हणाला.

“दिली? अशीच?” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं उठून ओराझबायचा हात धरून गदागदा हलवला. मामानं हलवू दिला.

निघताना मामानं स्वतः रेडिएटरमध्ये पाणी भरलं. “दुसरा गिअर जरा हट्टी आहे. जोर नको करू, विनवणी कर,” एवढंच सांगितलं. बेकझात निघाला तेव्हा त्याला आनंदच झाला होता, उगाच नाही कशाला म्हणायचं. पण आरशात त्यानं एकदाही पाहिलं नाही.

शेडमध्ये तर सणच झाला. गाडीखाली लाकडी ठोकळे सरकवले, टाकी रिकामी केली, बॅटरी काढून ठेवली, भोवती दोरी बांधली. ‘चालती’ असं मोठ्या अक्षरांत लिहून झालं, आणि गाडी उभी राहिली. बेकझातच्या पाठीवर थापाही पडल्या. हव्या होत्या तेवढ्या पडल्या.

जुलैच्या सुरुवातीला त्यानं मामीला फोन केला, सहज म्हणून. “कुरणावर हवा कशी आहे, मामी?”

“आम्हाला काय ठाऊक? आम्ही खालीच आहोत.”

“म्हणजे?”

“कामाझ ट्रक बोलावला होता तुझ्या मामानं. तो मेला दुप्पट रुंद. कड्याजवळच्या वळणावर अडकला नि आल्या पावली खाली आला. बाकीच्यांनी घोड्यांवर जमेल तेवढं नेलं. आमचा तंबू जड, आणि यांची कंबर ही अशी. बसलेत भिंतीच्या सावलीत, दिवसभर डोंगराकडे तोंड करून.” मग ती जराशी हसली, आणि ते हसणं त्याला फार लागलं. “दातांचाच डॉक्टर ना तू, बाळा. मुळासकट काढलंस.”

फोन ठेवल्यावर बेकझातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका हलका माणूस आपण? वळण त्यालाही माहीत होतं. लहानपणी त्याच वळणावर मामाच्या मांडीवर बसून त्यानं डोळे मिटून घेतले होते. मागताना मात्र ते आठवलं नाही, किंवा त्यानं आठवू दिलं नाही.

तो गेन्नादीकडे गेला आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “मला वाटलं त्यानं आनंदानं दिली,” तो म्हणाला. “मी त्याचा हात हलवत होतो रे, बेकझात. तू शेजारी बसला होतास, एका शब्दानं तरी सांगायचंस.” मग तो स्वतःच ठोकळे काढायला लागला.

बेकझात गाडी घेऊन कारातोगायला पोचला, ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मामी अंगणात होती. कुंपणावर मामाचं चांदीच्या फुल्यांचं खोगीर उन्हाला टाकलेलं. इंजिनाचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं, बेकझात खाली उतरताना दिसला, आणि तिनं ते खोगीर चटकन उचलून पोटाशी धरलं, आत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन म्हणाली, “उन्हानं कातडं तडकतं रे. ये, बस.”

तिला वाटलं, हा दुसरं मागायला आला. बेकझातला ते कळलं, आणि कळलं हे तिलाही कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

चहा झाला. बेकझातनं हँडल दस्तरखानावर मामासमोर ठेवलं. “मामा, गाडी आणलीय. चुकलो मी. परत घ्या.”

मामानं हँडलकडे बघितलं. हात लावला नाही. “ते काढ तिथून. खायच्या जागी लोखंड ठेवू नये.”

“मामा—”

“कुल्याशच्या लेकराला दिलेलं मी परत घेऊ? उद्या मेल्यावर तिला काय तोंड दाखवू?”

“मग हे दुसरं मागणं समजा. गाडी परत घ्या, हेच मागतो. तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही.”

मामा चिडेल असं त्याला वाटलं. मामा चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, “अरे, मागायचं ते नेण्यासाठी असतं. आणून टाकण्यासाठी नसतं. शहरात राहून तेवढंही विसरलास होय?”

बेकझातनं हँडल उचलून मांडीवर घेतलं. मामी रिकाम्या पेल्यांत पुन्हा चहा ओतत राहिली. शेवटी तो म्हणाला, “मग तुम्हाला मी नेऊन सोडतो कुरणावर. एवढं तरी करू द्या.”

“गाडी तुझी,” मामा म्हणाला. “तू नेणार असशील तर येऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भरलं. तंबूची लाकडं, नमदे, कढई, मामीची लोकरीची गाठोडी. हातभार लावायला गल्लीतली माणसं आली, शिधापाणी घेऊन बायका आल्या. बेकझातला कुणी वावगं बोललं नाही. ‘डॉक्टर, हे कुठं ठेवू? डॉक्टर, दोरी आवळू का?’ असं प्रत्येकजण त्यालाच विचारत होता. गाडीचा मालक तो. मामाला कुणी काही विचारत नव्हतं, आणि मामाही बाजूला उभा राहून परका माणूस बघतो तसा बघत होता.

मामी मागं गाठोड्यांवर चढून बसली. बेकझात स्टिअरिंगमागं बसला. गिअरची दांडी त्याच्या हाताखाली थरथरत होती, शहरापर्यंत नेऊन आणली होती, तरी आज दुसरा गिअर त्याला धड सापडत नव्हता.

मामा पलीकडच्या दारापाशी आला. आयुष्यभर त्यानं हे दार उघडून लोकांना आत चढवलं होतं. आज त्यानं मुठीला हात लावला नाही. टोपी काढून हातात धरली, आणि सगळ्या गल्लीसमोर, पाहुणा विचारतो तशा आवाजात विचारलं,

“बसू का रे, भाच्या?”

बेकझात आडवा झुकला आणि त्यानं आतून दार उघडलं.