हेस्टरचे अकरा कागद

एलिनॉर मॅडमच्या घरात चौदा खोकी होती आणि त्यांना हात लावायची मला मनाई होती. दुबईतल्या जुमेराच्या त्या व्हिलात मी सहा वर्षं स्वयंपाक करत होते. झाडताना खोक्यांभोवती केरसुणी फिरवायची, वर फडकं मारायचं नाही, एवढंच मला सांगितलेलं होतं. आत काय आहे, हे मी मनात शंभरदा विचारलं असेल.

आत कागद होते. मॅडमचं अमेरिकेतलं घराणं ऑल्डक्रॉफ्टांचं. दोनशे वर्षांपूर्वी त्यांचा एक पूर्वज गव्हर्नर होता, नदीकाठी मोठं घर होतं, आणि बापापासून नातवापर्यंत सगळ्यांना पत्रं लिहायची सवय. आत्या वारली तेव्हा मागे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून खोकी बोटीने जेबेल अली बंदरात उतरली आणि जिथे साहेबांची नोकरी तिथे आली.

सत्त्याण्णव साली आम्ही सगळेच उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो. ते अमेरिकेला, मी श्रीवर्धनला. जाताना मॅडमनी काळजीने घरातले सगळे एसी बंद केले. दुबईचा ऑगस्ट बंद खोलीत काय करतो, ते परत आल्यावर दार उघडताच नाकाला कळलं. कागद ओलसर झाले होते, काहींवर बुरशीचे ठिपके होते. आणि ऑक्टोबरच्या वीस तारखेला ते अमेरिकेतल्या एका लायब्ररीला पाठवायचे ठरलेले. मॅडम जमिनीवर बसून रडल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "बानू, हात धुऊन ये. कोरडे करून ये."

अशी माझी मनाई उठली.

पंधरा दिवस आम्ही दोघी कागद वाळवत होतो. टीपकागद खाली, टीपकागद वर, पंखा भिंतीकडे तोंड करून. मी विचारत जायचे आणि मॅडम सांगत जायच्या. काही पत्रं आडवी लिहून झाल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवरून उभी लिहिलेली होती. का, तर टपालाचा खर्च वाचावा म्हणून. गव्हर्नरच्या घरी एवढी काटकसर बघून मला हसू आलं. पत्रं सगळी एकाच तऱ्हेने घडी घातलेली, मागे लाखेचा डाग. मला त्यांचं इंग्रजी वाचता यायचं नाही, पण अक्षरं ओळखता यायची.

नवव्या खोक्यात अकरा कागद निघाले. ते हातात घेताना मॅडमचा आवाज बदलला. गव्हर्नरची मुलगी हेस्टर दहाव्या वर्षी तापाने गेली. ही तिच्या अभ्यासाची पानं. प्रत्येक पानावर वरची ओळ मास्तरणीची, तिच्याखाली हेस्टरने गिरवलेल्या ओळी. शेवटच्या पानावर वरची ओळ नव्हती आणि अक्षर फार वाकडं होतं. ते तिने आजारपणात लिहिलं असणार, असं मॅडमची आई सांगायची. आई ते पान दरवर्षी बाहेर काढायची. मॅडमना मूलबाळ नव्हतं. त्या कागदांशी त्या कशा बोलायच्या ते मी पाहिलं, म्हणून पुढचं सांगणं मला इतकं जड गेलं.

झालं असं. बाकीचे कागद टीपकागदाखाली सपाट झाले. हे अकरा होईनात. त्यांच्या घड्या फार घट्ट होत्या. प्रत्येक कागद तीनदा दुमडून विड्याएवढा केलेला. घडीच्या टोकांवर पिवळट डाग, तुपाचे हात लागल्यावर पडतात तसे. पाठीवरून बोट फिरवलं तर अक्षरं बोटाला लागत, इतकी दाबून लिहिलेली. आणि जागा कुठेच सोडलेली नाही. कडेपर्यंत, मागच्या बाजूला, दोन ओळींच्या मध्येसुद्धा.

गव्हर्नरच्या मुलीला कागद कमी पडतो का? आणि ती तो दुमडून लपवते कशाला?

मी स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी अक्षर गिरवलं. दुबईतच अल मनखूल भागात माझी भाची बिलकीस राहते. तिची फिझा तेव्हा आठ वर्षांची होती. दर शुक्रवारी ती वर इंग्रजीची एक ओळ लिहायची, खाली मी. मराठी नंतर बिलकीसने शिकवलं. आठवडाभर तो कागद माझ्या पोलक्यात असे, तीनदा दुमडलेला. भात शिजेपर्यंत एखादी ओळ व्हायची. लहान मूल हात सैल सोडून लिहितं, कागद संपला तर दुसरा मागतं. म्हाताऱ्या हाताला दुसरा कागद मागायची लाज वाटते.

त्या शुक्रवारी मी बिलकीसकडे हे बोलले. तिचा नवरा युसुफ जेवत होता. म्हणाला, खाला आता गव्हर्नरच्या घरच्या कागदांची तपासणी करणार, मग आमच्या अमेरिकेच्या व्हिशावर पण शिक्का मारून टाका. बिलकीसने त्याला आमटी वाढून गप्प केलं आणि मला म्हणाली, "खाला, वीस तारखेला खोकी गेली की खलास. त्या बाईला एवढीच एक पोरगी आहे, ती पण कागदावरची. ती कशाला हिसकावता? आणि तुमचा इथे राहायचा व्हिसा तिच्या हातात आहे, हे विसरू नका."

मी म्हटलं, "खोकी गेली की दुसरीही कायमची खलास होईल. जिने लिहिलं ती."

फिझा बारा वर्षांची झाली होती. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "नानी, जस्ट टेल हर."

अठरा तारखेला मॅडम नवव्या खोक्याला चिठ्ठी चिकटवत होत्या. हेस्टरची वही, असं टाइप केलेलं. मी चहा ठेवला आणि म्हटलं, मॅडम, खालच्या ओळी तिच्या नाहीत.

मी घड्या दाखवल्या, डाग दाखवले, कागद उलटा करून त्यांचं बोट त्यावरून फिरवलं. त्या आधी हसल्या, मग रागावल्या. दोनशे वर्षं घरातले लोक सांगत आले ते चूक, आणि तू बरोबर? मी म्हटलं, दोनशे वर्षांत ज्यांनी हे पाहिलं ते सगळे लहानपणी शिकलेले होते.

त्या उठल्या. मग दुसऱ्या खोक्यातून एक पत्र काढलं. हेस्टरने नवव्या वर्षी वडिलांना लिहिलेलं, खाली सही. ते त्या पानाशेजारी ठेवलं. मला वाचायची गरज नव्हती. पत्रातलं अक्षर वरच्या ओळीसारखं होतं. तोच गोल वळसा, शेपूट तशीच वर उडवलेली. ज्याला सगळे मास्तरणीचा हात म्हणत आले, तो हेस्टरचा होता.

"ती शिकवत होती," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता रडतील, पण त्या शेवटचं पान शोधत होत्या, वरची ओळ नसलेलं. "मग हे कुणी तरी ती गेल्यावर लिहिलं."

मी विचारलं, काय लिहिलंय. त्यांनी वाचलं. मीठ. लोणी. राख. परत मीठ. राख कशाला, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे भांड्यांना, तुमच्याकडचं तुम्हाला ठाऊक. त्या म्हणाल्या, साबण करायचे राखेपासून. असले शब्द कोणी मुलीला गिरवायला देत नाही.

मग त्यांनी गव्हर्नरचं मृत्युपत्र काढलं. वाटणीची यादी होती. तांब्याची किटली, माग, दोन गाई, आणि त्याच ओळीत पुढे स्वयंपाकघरातल्या तीन बायका. फीबी, डॉर्कस, आणि एक नुसतीच म्हातारी ज्यूड.

"यांना पगार काय होता?" मी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढला. "पगार नव्हता, बानू. त्या त्यांच्या मालकीच्या होत्या." कागद वाळवताना गव्हर्नरच्या घरच्या कामवाल्यांना त्यांनी नेहमी नोकर म्हटलं होतं. मालकीच्या, हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

त्यांना चिठ्ठीवर म्हाताऱ्या ज्यूडचं नाव घालायचं होतं. मला ज्यूडच हवी होती, खरं सांगते. पण घड्या नाव सांगत नाहीत. मी म्हटलं, नको मॅडम. फीबी असेल तर? एकदा चुकीचं नाव पडलं की ते काढायला दोनशे वर्षं लागतात, आताच बघितलं.

 मॅडमनी जुनी चिठ्ठी फाडली, टाइपरायटर जवळ ओढला आणि लिहिलं ते मला वाचून दाखवलं. वरच्या ओळी हेस्टरच्या. खालच्या ओळी घरातल्या एका वयाने मोठ्या बाईच्या, तिचं नाव माहीत नाही. पुढे यादीतली तिन्ही नावं, आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह.

बोटीची तारीख त्यांनी एक आठवडा पुढे ढकलली. दहाव्या खोक्यातले कागद आम्ही नुसते वाळवून परत ठेवले होते, आणि त्यात स्वयंपाकघराच्या हिशोबाचे कागद जास्त होते, कुठेतरी नाव सापडलं असतं. मी विचारलं, आज उघडू या का. त्या म्हणाल्या, आधी हात धू, कोरडे करून ये.