मायलिसचं गाणं माझ्यात नाही

मी स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कामगार सभागृहातली गाणी भरलेली एक काळी तबकडी बोलतेय. बोलतेय कसली, माझ्यात कोरलंय तेवढंच आजवर गात आलेय.

संपकरी गोदी कामगारांसाठी त्या संध्याकाळी डाव्या चळवळीतले बरेच गट गायले. लोकांचं खोकणं, पाय आपटणं, घोषणा, सगळं माझ्यात आहे. माझ्या लाल वेष्टनावर मात्र एकाही गायकाचं नाव नाही. नाव छापणं म्हणजे मिरवणं, आणि मिरवणं हे भांडवलदारांचं लक्षण, असं मतदानानं ठरलं होतं. ही माणसं कॉफी कुणी करायची यावरही मतदान घ्यायची.

मायलिस कापड गिरणीत मागावर होती. गिरणीतच मेलेल्या भावावरचं गाणं ती एकटी उभी राहून गायली. सभागृह हमसून रडलं.

पुढच्या बैठकीत पुढारी स्टाफान म्हणाला, "गाणं गोड आहे, पण त्यात लढा कुठाय? उद्या लोक विचारतील, हे डावे की चर्चचं भजनी मंडळ? तबकडीतून कापावं असं कुणाकुणाला वाटतं?"

हात वर झाले.

"आणि तू गं, मायलिस? की तुझं गाणं म्हणून वेगळा न्याय?"

मायलिसनंही हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. तबकडी निघायची ती मूळ ध्वनिफीत महाग, म्हणून फितीवरच्या तिच्या गाण्यावरच स्टाफानचं पुढचं भाषण भरलं गेलं.

तबकडी निघाल्यावर मायलिसनं मला घरी आणलं. "मीही आहे हं यात," असं लेकीला, आनेलीला, सांगून बसली.

"कुठलं गाणं गं आई?"

"ओळख बघू!"

खरं सांगायची तिला लाज वाटली, आणि मग राहूनच गेलं. गिरणीच्या धुळीनं छाती धरली होती, त्यामुळे घरात तिचा खोकलाच काय तो ऐकू यायचा. आनेलीनं आईला गाताना कधी ऐकलंच नाही.

मायलिस गेली. शवपेटीजवळ आईचं गाणं वाजावं, एवढीच आनेलीची इच्छा होती. चर्चच्या दारात जुने सोबती जमले होते. तिनं मला स्टाफानच्या हातात दिलं. "तूच सांग रे, आईचं कुठलं?"

"दोन मिनिटं हं," म्हणत तो मला घेऊन सोबत्यांसह कोटांच्या खुंट्यांखाली गेला.

"खरं सांगितलं तर पोरगी कोसळेल."

"आणि आपली शोभा होईल ती वेगळीच."

"गुनेल, तुझं गाणं देऊ या?"

"माझं?" त्या संध्याकाळी गायलेली गुनेल म्हणाली. "अरे, ते माझं सगळ्यात चांगलं गाणं आहे!"

तिथंही मतदान झालं. गुनेलनं शेवटी का होईना, हात वर केला.

मी काय करणार? सुई ठेवतील तिथून मला गावंच लागतं. मायलिसच्या शवपेटीशेजारी गुनेलचा तरणा आवाज घुमला आणि स्वतःचाच आवाज ऐकून गुनेल रडली. आनेलीनं तिला मिठी मारली. "आई किती गोड गायची!"

"हो गं, फार गोड," गुनेल म्हणाली.

तेव्हापासून आनेली कामावरून आली की मला लावते आणि माझ्यामागून गाते. प्रत्येक हरकत तिनं घोटून घेतलीय. यंदा कामगारदिनाला तिनं ते गाणं व्यासपीठावर म्हटलं. स्टाफाननं तिच्या पाठीवर थाप मारली. "अगदी आईवर गेलीस बघ!" तिचे डोळे भरून आले. गेल्या कित्येक दिवसांत ती एवढी खूश दिसली नव्हती.

मायलिसचा गळा उतरला असेल तर तो या एका पोरीच्या गळ्यात. तिथूनही आनेलीनं तो स्वतःच हुसकून लावला आणि गुनेलला आणून बसवलं.

वाचकहो, तिला खरं सांगणारं कुणी निघालंच, तर त्याआधी मला तेवढं फोडून टाका. ते कळल्यावर तिनं एकदा मला पुन्हा लावून बघितलेलं मला सोसायचं नाही.