सुईच्या टोकावरचा थेंब

माझा दीर इस्पितळाच्या औषधखोलीत सिरिंजा भरतो. फुप्फुसात ठाण मांडून बसणाऱ्या एका विषाणूवर आरएनएचं नवं औषध निघालंय, त्याची चाचणी चालू आहे. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना नर्सला. ठाऊक फक्त भरणाऱ्याला. आणि त्या रुग्णांत माझा नवरा आहे.

आता मला सांगा, सख्ख्या भावाच्या दंडात काय जातंय हे माहीत असलेला माणूस आमच्याकडे येऊन गप्प जेवतो कसा? पूर्वी भावजी आले की घर डोक्यावर घ्यायचे. हल्ली ताटात मान घालून बसतात. नवरा खोकला की त्यांचा घास हातातच थांबतो. नवरा म्हणजे भोळा सांब! म्हणतो, "दमलाय गं तो कामानं."

मी नाही भोळी. मी खडा टाकून पाहिला. "भावजी, यांना बरं वाटतंय हो आता." ते म्हणाले, "हं." दुसऱ्या खेपेला उलट सांगितलं, "काल फार धाप लागली होती." तरी "हं." तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! माझी खात्रीच पटली, यांनी भावाला पाणी भरलंय.

चाचणीच्या आधी त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं, आरएनए फार नाजूक, म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळतात आणि औषध पातळ दुधासारखं दिसतं. ओळखू येऊ नये म्हणून सिरिंजला पांढरी पट्टी लावतात. सुईच्या टोकाला मात्र पट्टी नसते.

पुढच्या इंजेक्शनच्या वेळी मी नर्सच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. नवऱ्याशी गप्पा मारत तिनं सुई उभी धरून हवा काढली. टोकाशी थेंब आला. नितळ, अगदी पाण्यासारखा.

नवरा हसून म्हणाला, "आज दुखलंसुद्धा नाही. लागू पडतंय बघ."

मी तरातरा औषधखोलीकडे गेले. भावजी दाराबाहेर बाकावर बसले होते.

"काय भरता तुम्ही तुमच्या भावाला?" मी ओरडलेच.

"मी नाही भरत, वहिनी. माझा भाऊ आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याची पाळी आली की मला बाहेर बसवतात. मला काहीच ठाऊक नाही."

"मग आमच्याकडे बघत का नाही?"

"बघितलं की त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसतो. भीती वाटते." मग हळूच म्हणाले, "तुम्ही आत होतात ना? सुईवर थेंब येतो. दिसला?"

मला माझीच लाज वाटली, आणि त्यांची दया आली.

"पट्टी होती ना, भावजी. काही दिसलं नाही."

त्या संध्याकाळी नवऱ्यानं भावाला आग्रहानं जेवायला आणलं. जेवता जेवता तो खोकला. मी ताटात मान घातली. वर पाहिलं तेव्हा भावजी माझ्याकडेच बघत होते.