चालेल

माझ्या वर्गात एका शब्दाला बंदी आहे. तो शब्द म्हणजे 'चालेल'. एरवी मी मुलांना काय वाटेल ते बोलू देते, पण हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. मुलाखतीची वेळ आयत्या वेळी बदलली, चालेल. कबूल केलं एक काम आणि दिलं भलतंच, चालेल. बसायला खुर्चीसुद्धा नाही, तेही चालेल. पहिल्याच दिवशी मी तो शब्द फळ्यावर लिहिते, त्यावर काट मारते आणि सांगते, जो सगळ्याला चालेल म्हणतो त्याच्या डोक्यावर सगळे मिरे वाटतात.

विद्यापीठाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, आमचा रोजगार मार्गदर्शन कक्ष आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन महिन्यांत स्वतःची ओळख करून द्यायला शिकवायचं आणि नोकरीच्या लायक बनवायचं, हे माझं काम. माझी स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. दरवर्षी नव्या करारावर संचालकांची सही होईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

यंदाच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'चालेल'च म्हणायचे. शेवटच्या रांगेत खांबाआड बसायची. माझ्याशी बोलताना तिची नजर माझ्या टेबलाच्या पायावर असायची. एकदा मी वाटलेल्या टिपणातल्या तीन चुका तिने पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि कागद तसाच परत दिला. मला ते आठवड्याने दिसलं. तेच टिपण मी नऊ वर्षं वाटतेय आणि त्या चुका आजवर कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, माझ्याही.

दुसऱ्या आठवड्यात मी पाच कागदांचा गृहपाठ देते. आपल्याला ओळखणाऱ्या पाच जणांकडून आपल्याबद्दल एकेक वाक्य लिहून आणायचं. एका पठ्ठ्याने पाचही कागदांवर 'जन्मजात नेता' असं आणलं. त्यातला एक कागद आजीचा होता आणि अक्षर नातवाचं.

चालेलचे कागद मात्र खरे होते. वडिलांनी लिहिलं होतं, हिचा काही त्रास नाही. भावाने लिहिलं होतं, सांगितलं की करते, उलट बोलत नाही. वहिनीने लिहिलं होतं, असून नसल्यासारखी आहे, चांगली आहे. खोलीच्या मालकीणबाईंनी लिहिलं होतं, दोन वर्षांत एकदाही आवाज नाही. तिच्या विभागाच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने तर वडिलांचंच वाक्य लिहिलं होतं, फक्त अक्षर बरं होतं. वाचता वाचता मला राग आला आणि का कोण जाणे, तो तिचाच आला. ती काय करते ते पाचांपैकी एकालाही सांगता आलं नव्हतं. ती काय करत नाही, तेवढं सगळ्यांना पाठ होतं.

तिला थांबवून मी विचारलं, तेव्हा तुकड्या-तुकड्याने कळलं. तिची आत्या अंथरुणाला खिळलेली होती. नोकरी नाही लागली तर वर्ग संपल्यावरच्या रविवारी भाऊ येऊन तिला आत्याकडे नेऊन सोडणार होता. आत्याला चोवीस तास माणूस हवं होतं आणि घरात मोकळं माणूस एकच होतं. तुला काय हवंय, असं मी विचारलं. तिने टेबलाच्या पायाशी पडलेला खडू उचलून फळ्याखाली ठेवला. मग म्हणाली, पाणी तपासायचं काम.

तशी एक जागा निघालीही. पाणी तपासणारी एक मोठी प्रयोगशाळा मुलाखती घ्यायला आमच्याकडेच येणार होती, वर्गाच्या शेवटच्या शनिवारी. मी हात धुऊन तिच्या मागे लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास. दारात उभी राहा. डोळ्यांत बघ. मोठ्याने म्हण, 'माझा नंबर केव्हा आहे?' हे एक वाक्य मी तिच्याकडून शंभरदा म्हणवून घेतलं असेल. शंभराव्या वेळी ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं आणि ती चक्क हसली. मीही हसले. कधी नव्हे ते मला वाटलं की माझं काम खरंच काम आहे.

शनिवारी नऊ उमेदवार होते. यादी मी स्वतः छापली आणि शिपायाच्या हातात दिली. दिवसभर मी पाहुण्यांच्या सरबराईत होते. त्यांचा चहा, त्यांचा पंखा, त्यांच्या गाडीला सावली. पाच वाजता पाहुणे गेले. साडेपाचला कक्षाला कुलूप लावायला आले, तर व्हरांड्यातल्या बाकावर चालेल बसली होती. मांडीवर फाइल, केस सकाळी बसवलेले तसेच.

कशी झाली, असं मी विचारलं.

"बोलावलं नाही मॅडम."

मला आधी कळेचना. मी आत जाऊन छपाईचं यंत्र पाहिलं. कागद बाहेर पडतो त्या खणात एक पान पडलं होतं. यादीचं दुसरं पान. त्यावर एकच नाव होतं, तिचं. शिपायाला मी पहिलंच पान दिलं होतं, पाहुण्यांना त्याचीच प्रत, आणि शिपायाने आठ नावं पुकारली होती. नवव्या नावाशेजारून मी दिवसभरात चहाचा ट्रे घेऊन चारदा तरी गेले असेन.

ते पान हातात घेऊन मी बाहेर आले आणि तिच्यावरच ओरडले. एवढं शिकवलं, एक वाक्य विचारता आलं नाही?

"शिपाईकाकांच्या हातात एकच पान होतं," ती टेबलाच्या पायाशी बोलावं तसं बाकाच्या पायाशी बोलली. "दुसरं राहिलंय, ते मला सकाळीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"संचालकसर तिथेच उभे होते. तुमच्यावर आलं असतं."

तिला आत बसवून मी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्या गाडीतच होत्या. एक मुलगी राहिली आहे, असं मी सांगितलं. ती किती बारकाईने बघते, तेही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांच्याकडच्या यादीत आठच नावं होती आणि निवड जवळपास झाली होती. नववी कुठून आली? कक्षाची चूक असेल तर तसं संचालकांच्या सहीने लेखी द्यायचं, मग मुलाखत घेता येईल. नाहीतर कक्षाच्या नोंदवहीत तिला गैरहजर दाखवायचं आणि पुढच्या वर्षी बघायचं.

माझा करार त्या आठवड्यात संचालकांच्या टेबलावर होता. मी समोर पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पुरी जागासुद्धा न घेता.

"मग गैरहजर, चालेल ना?" बाईंनी विचारलं.

"चालेल," मी म्हणाले.

तिने मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं. दोन महिने मी तिला हेच शिकवत होते. नजर जराही ढळली नाही. शेवटी मीच टेबलाच्या पायाकडे बघू लागले.

ती उठली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि दार हलकेच ओढून घेत निघून गेली. मी नोंदवही काढली, तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि दिवा मालवला.