सुई खोचून विसरलेली गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे, असं मला तोऱ्यात सांगायचं होतं. पण खोटं कशाला बोलू? मी जुनी झाले ती वापरून नव्हे, पडून. माझी एकच बाजू नीट शिवलेली होती आणि बाकीचं अंग कच्च्या टाक्यांवर लोंबत होतं. मी रागावलेली आहे. माझी गोष्ट ऐकायची असेल तर रागासकट ऐका.

माझं कापड सत्यभामाबाईंच्या लुगड्याचं. धामणगाव बढ्याच्या या बाई आपल्या मळ्यातली मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन मोताळ्याच्या आठवडी बाजारात बसायच्या. हिरवं लुगडं, त्याला लाल काठ. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की तान्ह्या बाळाच्या अंगालाही टोचलं नसतं. शेवटच्या आजारात त्यांनी सुनेला, अनुपमाला, जवळ बोलावलं. त्यांची लेक डिंपल तेव्हा नुकतीच लग्न होऊन चिखलीला गेली होती.

"हे लुगडं कोणाले देऊ नको," त्या म्हणाल्या. "डिंपलले लेकरू झालं की याची गोधडी कर. मी काही राहत नाही आता. पण तिचं लेकरू माह्या लुगड्यात सासरी गेलं पाह्यजे."

"हाव माय," अनुपमा म्हणाली आणि रडली. ते रडणं खरं होतं, हे मी नाकारत नाही.

या घरात बाळंतपण माहेरी होतं आणि लेकरू पहिल्यांदा बापाच्या घरी जातं ते माहेरच्या गोधडीत. म्हणून बाई गेल्यावर अनुपमाने मला ओसरीवर अंथरलं. आत जुन्या धोतरांचे थर, वर लुगडं, कोपऱ्यांवर तांबे ठेवलेले. शेजारच्या केसरबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "टाका पाहा कसा मोत्यावानी पडून राह्यला!" मी फुलून गेले. मला वाटलं, आता काय, दिवाळीपर्यंत मी तयार!

कसली दिवाळी! मोबाईलमध्ये कुठली तरी बाई त्रिकोणी तुकड्यांची गोधडी शिवताना दिसली आणि अनुपमाचे डोळे चमकले. माझ्या अंगात सुई तशीच खोचून तिने मला पेटीत टाकलं. "एवढी एक करून पाहातो, मंग हिलेच घेतो," ती स्वतःशी म्हणाली. त्रिकोणांची गोधडी निम्मी झाली आणि पेटीत आली. मग केसरबाईंच्या नातवासाठी तिसरी गोधडी सुरू झाली, तीही आली. मग क्रोशाची टोपी, मग दोऱ्यांच्या गाठींचा झुला, मग लोकरीचा मोर. मोराला एकच डोळा होता. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आमची पेटी उघडूनच कुणीतरी केली असावी.

मित्रांनो, नवं शिकण्याला माझा विरोध नाही. दिवसभर कपाशीत राबून आलेल्या बाईला रंगीत लोकर हातात घ्यावीशी वाटते, ते मला कळतं. पण सुरुवातीची मजा सगळ्यांना हवी! मधले कंटाळवाणे टाके कुणी घालायचे? पेटीतल्या उंदरांनी?

तिचा नवरा गोपाल अधूनमधून विचारायचा, "काऊन वं, मायची गोधडी झाली का?"

"होऊन राह्यली," ती म्हणायची.

खोटं! मी पेटीत होते. काहीही होऊन राहिलं नव्हतं. फक्त सुई गंजत होती आणि तिचा तांबडा डाग माझ्या हिरव्या अंगावर पसरत होता.

आणि मग तिने जे केलं, ते आठवलं की आजही माझा एकेक टाका ताठ होतो. तिला दाराला तोरण करायचा नाद लागला. लाल पट्टी हवी होती. तिने पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि कात्रीने माझा लाल काठ कापला! त्यावर आरसे चिकटवले, खाली गोंडे लावले आणि दारावर टांगला. फोटो काढला. "वा, वा" झाली. मेलेल्या सासूचं लुगडं तिने सहज कापलं, कारण मी तोवर तिच्या लेखी लुगडं उरलेच नव्हते. मी पेटीतलं एक कापड होते.

डिंपल बाळंतपणाला आली. मुलगी झाली. गोधडीचा विषय निघाला की अनुपमा म्हणे, "आखरीचा हात राह्यला, ताई." सव्वा महिना झाला. मंगळवारी जीप दाराशी आली. अनुपमाने बाळाला दुकानातलं अस्वलाच्या चित्राचं ब्लँकेट गुंडाळलं. डिंपल बाळ खांद्यावर घेऊन दारातून निघाली, तेव्हा तोरणाचा गोंडा बाळाच्या गालाला लागला. तो बाजूला करताना तिने आरशांमागचा काठ पहिल्यांदा जवळून पाहिला.

"वयनी, हा मायच्या लुगड्याचा काठ हाये ना?"

डिंपलने बाळ आपल्या वडिलांच्या, इंद्रभानरावांच्या, हातात दिलं. आत जाऊन पेटी उघडली, मला बाहेर ओढलं. गंजकी सुई तिच्या बोटात घुसली.

"माय बाजारात हेच नेसून बसे," ती ओरडली. "तुमाले लाल चिंधी दुसरी नाही भेटली?"

तिने तोरण हिसकून काढलं. आरसे ओसरीभर उडाले. इंद्रभानरावांनी जीपवाल्याला हात केला. "तू जाय बापा. उद्या बुधवार. जाशील बुधी, तं येशील कधी? आता लेक गुरुवारीच जाईन."

दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. काठ पुन्हा जोडला, टाके घातले. अनुपमा मुसमुसत होती. गुरुवारी जीप आली तेव्हा माझं मधलं अंग राहिलंच होतं.

"ठेवून जा, ताई. चार दिवसात पुरी करून पाठवतो."

"नाही," डिंपल म्हणाली. "मधलं मी करीन. तुमी आता काही सुरू करू नोका."

तिने ब्लँकेट ओसरीवर ठेवलं आणि मला बाळाभोवती गुंडाळलं.

मित्रांनो, नवीन काही हाती घ्यायच्या आधी आपली पेटी उघडा. कुणाला तरी शब्द देऊन घातलेला पहिला टाका तिथे असेल, तर त्याचा शेवटचा टाका आधी घाला. माणसं वाट पाहतात. काही तर वाट पाहता पाहता निघून जातात. माझा अनुपमावरचा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

मोताळा मागे पडला आणि बाळाने मला ओलं केलं. डिंपल हळहळली. मी मात्र तशीच घट्ट गुंडाळून राहिले. गोधडी म्हणून माझं काम सुरू झालं होतं.