माझ्या उजव्या हातावर दिलेले शब्द

मित्रांनो, मी एक जुनी, ओक लाकडाची खुर्ची आहे. गेली आठ वर्षे मी तोक्योतल्या हिगाशी-कसाईत, एका मराठी कुटुंबाकडे राहते. माझ्या चारही पायांत त्यांच्या मुलीचे, ज्ञानदाचे जुने पायमोजे आहेत, कारण इथे जमिनीवर ओरखडा उठलेला घरमालकाला खपत नाही. माझ्या पाठीवर एक पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर एका इंग्रज सरांचे नाव आहे. मला घडवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकते. त्याचे नाव टॉम पर्किन.

टॉम हा इंग्लंडमधल्या एका खेड्यातला सुतार. गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. त्या पंचक्रोशीतली सगळी जमीन सर अल्फ्रेड हेझलडीन यांची. टॉमचे घरही त्यांच्याच जमिनीवर. सर पार्लमेंटात निवडून आले, तेव्हा टॉमने मला घडवले. विजयी उमेदवाराला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवायचे, असा तिथला रिवाज होता. माझा पुढचा उजवा पाय टॉमने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता.

चौकात सरांनी माझ्या उजव्या हातावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पुढच्या वेळी कोणीही कोणालाही मत द्या. माझ्या जमिनीवरून कोणाचेही घर उठणार नाही." लोकांनी टोप्या उडवल्या. मीही हुरळून गेले. नवी होते, अक्कल यायची होती.

त्या काळी मत गुप्त नसे. कारकुनासमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावे लागे. पुढच्या निवडणुकीत टॉमने दुसऱ्याचे नाव सांगितले. सर तरीही निवडून आले. पण आठवडाभरात ते माझ्यात येऊन बसले, माझ्याच उजव्या हातावर त्यांनी कागद ठेवला आणि टॉमला घर खाली करण्याच्या नोटिशीवर सही केली.

त्यांच्या पत्नी, लेडी कॅरोलिन, शेजारी उभ्या होत्या. "तुम्ही शब्द दिला होता," त्या म्हणाल्या.

"लोक विसरतात," सर म्हणाले.

सही करताना शाईचा एक थेंब माझ्या हातावर सांडला. तो डाग अजून आहे. टॉम बायकोमुलांसह गाडीवर सामान लादून निघाला, तेव्हा मी खिडकीपाशी होते. ज्याने मला घडवले, त्याचेच घर माझ्या हातावर उठले. मी आजवर पुष्कळ सोसले, पण हे मला कधी पचले नाही.

सरांचा मुलगा एडविन मात्र बापाशी भांडला. "मग तुलाही या घरात जागा नाही," असे सरांनी त्याला सुनावले. एवढ्या मोठ्या घरातून त्याने फक्त मला मागून घेतले आणि बोटीने जपान गाठले. कोबे बंदर तेव्हा परदेशी व्यापाराला नुकतेच खुले झाले होते. एडविन तिथे चहाच्या पेढीवर नोकरीला लागला. घरी आलेल्या प्रत्येकाला तो माझा डाग दाखवून टॉमची हकीकत सांगे. आईची पत्रे त्याला येत, बापाचे एकही आले नाही.

एडविन गेल्यावर मी कोबेतल्याच एका सिंधी कापड व्यापाऱ्याकडे गेले. तिथे तीन पिढ्या सुखाने गेल्या. मग नातवंडे पांगली, ते घर बंद झाले आणि मी एका जुन्या सामानाच्या दुकानात प्लॅस्टिकखाली पडून राहिले. तिथेच देवदत्त मला भेटला. तो आयटीतला, कोबेला ऑफिसच्या कामासाठी आला होता. पट्टी वाचून त्याने मला घरी आणले. "ही ब्रिटिश खासदाराची खुर्ची आहे," असे तो पाहुण्यांना सांगे आणि ऑफिसातले तानाका-सान माझ्यात बसून फोटो काढून घेत. टॉमबद्दल कोणाला ठाऊक असणार?

ज्ञानदा तेव्हा दोन वर्षांची होती. आता ती माझ्या रुंद उजव्या हातावर वही ठेवून अभ्यास करते आणि खोडरबर बरोबर त्या डागावर ठेवते.

यंदा तोक्योतल्याच तोयोसु भागात, एका नव्या टॉवरमध्ये राहायला जायचे ठरले. "बाबा, खुर्ची येणार ना?" ज्ञानदाने विचारले.

"येणार म्हणजे काय! प्रॉमिस," देवदत्त म्हणाला आणि माझ्या उजव्या हातावर त्याने थाप मारली. ती थाप मी ओळखली.

रविवारी ज्ञानदा पोहायला गेली असताना त्याने टेपने मला मापले. "देव, तू तिला प्रॉमिस केलंयस," त्याची बायको ईश्वरी म्हणाली.

"अगं, नव्या लिव्हिंग रूमला ती सूट नाही होत. मुलं विसरतात."

मित्रांनो, दीडशे वर्षांत उत्तर फारसे बदललेले नाही. ईश्वरी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मला तिचाही राग आला.

इथे मोठी वस्तू टाकायची तर आधी फोन करून नंबर घ्यायचा, कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्टिकर आणून त्यावर तो नंबर लिहायचा, तो वस्तूवर चिकटवायचा आणि सकाळी आठच्या आत वस्तू खाली ठेवायची. देवदत्तने सगळे नियमाने केले. मग ज्ञानदाला म्हणाला, "आज मागच्या गेटने जाऊ." पण मागच्या गेटमधूनही कचऱ्याची जागा दिसते. तिला आधी माझे मोजे दिसले.

ती धावत आली. स्टिकरवरचे अक्षर तिने ओळखले. "उसोत्सुकी," ती म्हणाली. खोटे बोलणाऱ्याला जपानीत असे म्हणतात.

"ज्ञानू, लिसन, नवीन घरात तुला याहून छान डेस्क..."

तिने ऐकले नाही. नखांनी खरवडून तिने स्टिकर काढला. त्याचा एक कोपरा फाटला. उरलेला तिने बाबाच्या ऑफिसच्या बॅगेवर चिकटवला, तळव्याने नीट दाबून बसवला आणि एकटीच शाळेकडे चालू लागली.

कचऱ्याची गाडी आली. हातमोजे घातलेल्या दोघांनी माझ्यावर स्टिकर शोधला. तो त्यांना बॅगेवर दिसला. त्यांनी एकमेकांकडे पाहिले, "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, असे म्हणून मान लववली आणि मला हात न लावता ते निघून गेले.

इमारतीला लिफ्ट नाही. देवदत्तने मला खांद्यावर घेतले. माझा पुढचा उजवा पाय त्याच्या मानेपाशी रुतत होता. तीन मजले मी पुन्हा एकदा खांद्यावरून गेले, पण या वेळी माझ्यात कोणी बसलेले नव्हते.

संध्याकाळी ज्ञानदा माझ्यात अभ्यासाला बसली. "नेऊ आपण हिला, खरंच," असे म्हणत देवदत्तने माझ्या उजव्या हाताकडे हात नेला. ज्ञानदाने तिथे वही सरकवली. त्याचा हात तसाच मागे गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांचे सैल सांधे आवळून घ्या, एवढे तर मी मागणारच. पण माझ्या हातावर थाप मारण्याआधी समोर कोण उभे आहे, तेही नीट पाहून घ्या. त्याला सगळे आठवत असते.