हमीदचा कान

माघातल्या सकाळी इंद्रायणीवरचं धुकं विरळ होऊ लागलं, की मला प्रथम आठवतो तो हमीदचा किंचित कललेला माथा. बैलगाडीत मांडी घालून तो डोळे मिटून घेई आणि उजवा कान चाकाकडे लावी. चाकाची लोखंडी धाव खडीवरून फिरताना एक कोरडा, खणखणीत नाद उठे, आणि त्या नादाची प्रसन्नता त्याच्या मुखावर कोवळ्या उन्हासारखी पसरे. मग कुठेतरी तो नाद जड होई, दबका होई. हमीदच्या भिवया जवळ येत. “थांबव जरा,” तो गाडीवानाला म्हणे आणि खाली उतरून तळवा सडकेवर ठेवी, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. तिथे डोळ्यांना बहुधा काहीच दिसत नसे. पण तो सांगे ते आषाढ उलटायच्या आत खरं ठरे.

आम्ही दोघंही सडकेच्या खात्यात ओव्हरसियर होतो, पुण्याला एकाच वर्गात शिकलेले. वडगावपासून कामशेतपर्यंतची सडक त्याच्याकडे, तिथून लोणावळ्यापर्यंतची माझ्याकडे. दर माघात सडक तपासायची. कुठे खड्डे बुजवून भागेल आणि कुठे जुनी खडी उकरून नवा थर द्यायला हवा, हे लिहून साहेबांकडे पाठवायचं, हा आमचा शिरस्ता. थर दाबायला वाफेचा रूळ एकच होता आणि पावसाळ्याआधी तो आमच्या दोघांपैकी एकाच्याच हद्दीत पोचू शके. म्हणून आमच्या अहवालातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा असे.

मी आळशी नव्हतो. फीत घेऊन मी मैलच्या मैल चालत असे, लाकडी पट्टी आडवी धरून चाकोऱ्यांची खोली घेत असे. पण माझ्या श्रमांना घामाचा वास होता आणि त्याच्या ज्ञानाला कसलाच वास नव्हता, हे मला साहवत नसे. खडी फोडणाऱ्या बाया तो आला की डोक्यावरचा पदर सारखा करून त्याला घरच्या कागाळ्या सांगत. मी आलो की नुसते हातोडे वाजत. तो इंदुरीचा, नदीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्या घरी आला की माझी पत्नी विचारी, “हमीदभावजी, एवढ्यातच उठलात? आणखी एक पोळी घ्या ना.” इतकी साधी गोष्ट, पण ती पोळी त्याच्या ताटात पडताना मी माझं ताट बाजूला सारत असे. मत्सराला मोठं कारण लागत नाही. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते, आणि मी फार दिवसांपासून वाळत होतो.

एका वर्षी साहेबांनी हमीदचा अहवाल सर्वांदेखत वाचून दाखवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “पाहायचं कसं, ते यांच्याकडून शिका.” त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की पुढच्या माघात माझ्या हद्दीत दोष म्हणून दिसता कामा नये. तसंच झालं. मळवलीजवळच्या मैलात कडेच्या चरातलं पाणी सडकेखाली मुरत होतं. सकाळच्या तिरप्या उजेडात पृष्ठभागावरचा पुसटसा खोलगटपणा मी स्वतः पाहिला होता. तरी मी लिहिलं: स्थिती उत्तम.

फाल्गुनात हमीद काही कामासाठी लोणावळ्याला निघाला आणि मळवलीला गाडी थांबवून माझी वाट पाहत उभा राहिला. विसापूरच्या उतारावर पळस पेटला होता.

“केशव, हा तुकडा आतून गेलाय.”

“वरचा एक खडा हललेला नाही,” मी म्हणालो.

“वर नाही रे. खाली.” तो थोडा थांबला. “मी वडगावला रूळ मागितलाय. माझी सडक अजून एक वर्ष कळ काढेल. तू तुझा कागद बदल, मी माझा बदलतो. रूळ इकडे येऊ दे.”

त्याने उणं दाखवलं असतं तर मी सहन केलं असतं. त्याचं देणं मला सहन झालं नाही.

“तुझी खैरात नकोय मला.”

“खैरात कसली? सडक तुझीही नाही, माझीही नाही.” एवढंच बोलून तो गाडीत बसला. साहेबांना परस्पर कळवणं त्याला सहज शक्य होतं. त्याने ते केलं नाही. रूळ वडगावला गेला.

श्रावणात, ऊन आणि सरी एकमेकांचा पाठलाग करत असताना, टाकवे बुद्रुकचे सखाराम नावाचे शेतकरी घरचा आंबेमोहोर तांदूळ गाडीत भरून लोणावळ्याच्या बाजाराला निघाले होते. मळवलीजवळ सडक त्यांच्या गाडीखाली बसली. मी पोचलो तेव्हा पोती चिखलात पडली होती आणि डाव्या बाजूच्या बैलाचा पुढचा पाय मोडून लोंबत होता. त्याच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. तो बैल उठला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हमीद आपली गँग आणि खडीच्या दोन गाड्या घेऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं. गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने आधी चरातल्या पाण्याला वाट काढून दिली, मग दगड रचायला सुरुवात केली. मी छत्री धरून पाहत होतो, आणि लाज वाटायच्या त्या घटकेलाही मनात आलं ते हेच, की याचे हात किती नेमके पडतात!

मग मात्र मी बोललो. “मला दिसलं होतं, हमीद. माघातच दिसलं होतं.”

त्याने हातातला दगड ठेवला. “मी तरी साहेबांना लिहायला हवं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. बैल आपल्या दोघांचा गेला.” त्या अपराधातलाही अर्धा वाटा त्याने उचलला, आणि मला वाटलं, तेवढं एक तरी संपूर्ण माझं राहू द्यायला हवं होतं याने!

मी टाकव्याला गेलो. सखाराम ओसरीवर बसले होते. गोठ्यात एकच बैल रवंथ करत होता. सडक वाईट आहे हे ठाऊक असून मी चांगली लिहिली, हे मी त्यांना सांगितलं.

“तुमी सांगाया आलात. दुसरं कुनी आलं नसतं, ह्ये खरं हाय,” ते म्हणाले. “पर साहेब, लावणीच्या टायमाला त्यो बैल निसता नावानं हाक मारली की वळायचा. त्येला काय सांगू मी?”

परतल्यावर मी साहेबांना सगळं लिहून दिलं. माझी हद्द काढून हमीदकडे दिली गेली आणि मी पुण्याच्या कचेरीत नकाशांच्या कपाटांपाशी जाऊन बसलो. पुढच्या उन्हाळ्यात रूळ मळवलीला पोचला, हे माझ्या कानावर आलं. आनंद झाला आणि आनंदाखाली पुन्हा तोच जुना, ओळखीचा दाह. काही वर्षांनी हमीदची खानदेशात बदली झाली. तिथल्या तापात तो गेला. त्याचं वय तेव्हा चाळिशीच्या अलीकडेच होतं.

आता इंदुरीला त्याचे भाऊ आहेत, पुतणे आहेत. त्याचा विषय निघाला की “लय चांगला मानूस व्हता” असं म्हणून ते आपल्या कामाला लागतात. काळाने त्यांच्यापाशी त्याचा चांगुलपणा तेवढा ठेवला. मला मात्र त्याच्या बोटांची लांबी आठवते, बोलण्याआधीचा त्याचा थांबा आठवतो, चिखलात पाय रोवण्याची त्याची ढब आठवते. कारण ज्यांनी त्याच्यावर माया केली त्यांना विसरण्याची मुभा होती, आणि मी त्याला इतकी वर्षं हेव्याच्या डोळ्यांनी पाहत आलो, की त्याच्या असण्यातली एकही रेषा आता माझ्याच्याने पुसली जात नाही.